बसला ड्रायव्हर असो नाहीतर नसो, आपली माहिती आपल्या हातात कशी ठेवायची

राजेहो, मी दारव्ह्याच्या पुढं एका फाट्यावर ऑनलाईन फॉर्म आणि मोबाईल रिचार्जचं दुकान चालवतो, एसटी समोरच थांबते, त्यामुळं दिवसभर माझ्या बाकड्यावर बसची वाट पाहणारे लोक बसलेले असतात आणि बोलणं पण बसचंच चालते. मागं एका पोट्ट्यानं अमेरिकेतल्या बिनड्रायव्हरच्या टॅक्सीचा व्हिडिओ दाखवला, समोरची सीट रिकामी, स्टेअरिंग आपोआप फिरून रायलं आणि मागं सवारी बसलेली. एक काका म्हणाले, "हे आपल्याकडं कायले येते बावा, आपल्या रोडवर तं ड्रायव्हरलेच समजत नाही गड्डा कुठं हाय न रोड कुठं हाय." काकांचं खरं आहे, लवकर येणार नाही. नितीन गडकरींनी तर डिसेंबर २०२३ मधे नागपुरातच सांगितलं होतं की ड्रायव्हर लोकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. ड्रायव्हर जायच्या आधीच बस आपल्याला ओळखायला लागली आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी गाड्यांना लोकेशन सांगणारं यंत्र आणि संकटात दाबायचं पॅनिक बटण बंधनकारक झालं, कंडक्टरच्या हातात आता अँड्रॉईडचं तिकीट मशीन आहे, पैसे यूपीआयनं जातात, सवलतीला आधार दाखवावं लागते, बऱ्याच नव्या बसमधे कॅमेरे आहेत. बिनड्रायव्हरची बस म्हणजे हेच सगळं अजून दहापट. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा लाईनवर २८ डिसेंबर २०२० पासून बिनड्रायव्हरची गाडी धावते, म्हणजे आपल्याकडून तिकडं परीक्षेच्या क्लासला गेलेले पोरंपोरी त्यात बसूनही आलेत.

आणि अजून एक, इंटरनेटवर या विषयावर जो सल्ला मिळतो तो शहरातल्या माणसाला धरून लिहिलेला असतो, ज्याच्याकडं स्वतःचा फोन आहे, स्वतःचं सिम आहे, चोवीस तास रेंज आहे. आपल्याकडं एका घरात एक चांगला फोन, सिम पुण्याला कामाला असलेल्या पोराच्या नावावर, आणि ओटीपी कोणाच्या फोनवर येते ते त्या डोकऱ्यालाच माहीत नसते. म्हणून हे आपल्या हिशोबानं लिहितोय.

आधी बस चालते कशी ते समजून घ्या

बिनड्रायव्हरच्या गाडीला डोळे म्हणजे कॅमेरे, रडार आणि लायडार. लायडार लेझरचे किरण सोडून समोरची वस्तू किती लांब आहे ते मोजते. जागा कळायला उपग्रहाचं जीपीएस आणि आधीच भरून ठेवलेला नकाशा. हे सगळं गाडीतल्या कॉम्प्युटरकडं जाते, तो ब्रेक आणि स्टेअरिंगला हुकूम देते. आणि एक सिमकार्ड असते ज्याच्यावरून गाडी कंट्रोल रूमशी आणि कंपनीशी बोलते, सॉफ्टवेअरचे अपडेट पण त्याच्यावरूनच येतात.

आता यात चोर कुठून घुसू शकते? गाडीच्या आतली वायरिंग घ्या. बहुतेक गाड्यांमधे कॅन नावाची पद्धत आहे, बॉश कंपनीनं १९८६ मधे आणलेली. ती कशी आहे, तर ग्रामपंचायतीच्या भोंग्यासारखी. ज्याच्या हातात माईक त्याचा आवाज पूर्ण गावात जाते, आणि माईकवर सरपंच आहे का दुसरं कोणी, हे भोंगा विचारत नाही. ब्रेकला निरोप आला की ब्रेक तो ऐकते, पाठवला कोणी ते पाहायची सोय मूळच्या पद्धतीत नाहीच, कारण त्या काळात गाडीला बाहेरच्या जगाशी जोडायचा विचारच नव्हता. २०१५ मधे चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन कॉम्प्युटरच्या जाणकारांनी घरात बसून हायवेवर पळणारी जीप चेरोकी हाताळून दाखवली, गाण्याच्या सिस्टीमला जे मोबाईल नेटवर्क होतं त्यातून आत शिरले आणि इंजिनची ताकदच काढून घेतली. आत पत्रकार बसलेला होता, त्याला आधी कल्पना देऊन केलेला प्रयोग होता तो, पण त्यानंतर कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

डोळ्यांना फसवणं तर अजून सोपं. २०१९ मधे चीनच्या टेन्सेंट कंपनीच्या लॅबनं रोडवर छोटे स्टिकर चिकटवले आणि टेस्लाची गाडी लेन सोडून भलतीकडं वळली. २०२० मधे मॅकॅफी या कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीच्या लोकांनी ३५ च्या स्पीडच्या पाटीवर काळ्या टेपचा तुकडा लावला, तर गाडीनं ते ८५ वाचलं. हे तिकडच्या स्वच्छ पाट्यांवर. आपल्याकडं पाटीवर वाढदिवसाचं पोस्टर लागलेलं असते आणि पांढरा पट्टा पहिल्या पावसातच पुसला जाते, म्हणजे कोणी मुद्दाम नाही केलं तरी गाडी गोंधळू शकते. म्हणून पाट्यांवर पोस्टर, बॅनर लावणं आत्तापासून बंद करा, ड्रायव्हर असलेल्या बसलाही त्याचा त्रासच होते.

जीपीएसचंही तसंच. सिग्नल २० हजार किलोमीटरवरून येते, लय कमजोर असते, जमिनीवरून कोणी जास्त जोराचा खोटा सिग्नल सोडला तर मशीन त्यालाच खरं मानते. नोव्हेंबर २०२५ मधे दिल्ली विमानतळाजवळ विमानांना असे खोटे सिग्नल आले हे सरकारनं मान्य केलं. विमानाजवळ उतरायला दुसऱ्या सोयी असतात म्हणून निभावलं.

आणि हे सगळं करायला मोठा हॅकरच लागते असं समजू नका. पोलंडच्या वुच शहरात २००८ साली १४ वर्षांच्या पोरानं टीव्हीच्या रिमोटमधे बदल करून ट्रामचे, म्हणजे रोडवरच्या रुळांवरून धावणाऱ्या गाड्यांचे, सांधे बदलले, ४ ट्राम रुळावरून उतरल्या आणि १२ लोक जखमी झाले. त्या पोराच्या मनात लोकांना मारायचं काही नव्हतं, खेळणं समजून केलं त्यानं, म्हणूनच मला ती गोष्ट जास्त लागते.

सगळ्यात कामाचं उदाहरण मात्र नॉर्वेचं. तिथल्या रूटर या बससेवेनं २०२५ मधे इलेक्ट्रिक बस डोंगराच्या पोटातल्या खाणीत नेऊन तपासल्या, बाहेरचा कोणताच सिग्नल येऊ नये म्हणून. वणीकडच्या लोकांना खाणीत रेंज कशी जाते हे सांगायला नको. त्यात दिसलं की एका चिनी कंपनीच्या बसच्या बॅटरी आणि पॉवरच्या सिस्टीमपर्यंत कंपनीला मोबाईल नेटवर्कवरून पोचता येते, म्हणजे मनात आणलं तर बस दूरवरून बंद करता येऊ शकते. कोणी केली असं नाही, पण चावी कोणाकडं आहे हे त्यांनी स्वतः तपासून पाहिलं. त्या बस ड्रायव्हरवाल्याच होत्या. आपल्याकडंही इलेक्ट्रिक बस यायला लागल्यात, तं हा प्रश्न आजचा आहे.

गावात नाव झाकून काही झाकत नाही

हे थोडं नीट वाचा, कारण शहरी सल्ल्यात हे नसते. कंपन्या म्हणतात आम्ही नाव, नंबर काढून टाकतो, नुसती फेऱ्यांची माहिती ठेवतो. न्यूयॉर्कनं २०१४ मधे असंच केलं होतं, टॅक्सीच्या १७ कोटींहून जास्त फेऱ्यांची माहिती नंबर झाकून दिली, आणि एका जाणकारानं थोड्या वेळातच ते झाकलेले नंबर उघडे केले. एवढ्या मोठ्या शहरात हे झालं.

आता आपला फाटा घ्या. सकाळच्या पहिल्या गाडीला तीन माणसं चढतात. त्यातली एक बाई दर मंगळवारी सेवाग्रामच्या दवाखान्यात जाते. नाव काढून टाका, आधार काढून टाका, तरी "या फाट्यावरून दर मंगळवारी पहिल्या गाडीनं सेवाग्राम" एवढं कोणी वाचलं की पूर्ण गावाला समजते कोण आहे ते. तिला काय आजार आहे हे तिनं सासरी सांगितलं नसेल. कोणी पोरगी माहेरी कधी जाते, कोणी कास्तकार कापसाचे पैसे काढायला बँकेत कोणत्या दिवशी जाते, कोणाचं घर लग्नसराईत चार दिवस बंद आहे, हे सगळं तिकिटाच्या हिशोबात लिहिलेलं राहते. जर्मनीच्या फोक्सवॅगनच्या सॉफ्टवेअर कंपनीकडून ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती उघडी पडली होती, डिसेंबर २०२४ मधे ते बाहेर आलं, आणि त्यातल्या लाखो गाड्या नेमक्या कुठं उभ्या होत्या तेही दिसत होतं. एवढ्या मोठ्या कंपनीकडून होते तर लहान ठेकेदाराकडून होणारच नाही असं धरून चालू नका.

मग काय करायचं? दवाखाना, कोर्ट, पोलीस ठाणं, बँक अशा कामाला जाताना शक्य असेल तर रोख पैशानं तिकीट काढा. चिल्लर जवळ ठेवा म्हणजे कंडक्टरशी वाद नाही. रोख तिकिटाला तुमचं नाव जोडलेलं नसते, एवढा साधा उपाय आहे हा, आणि तो मागासपणा आहे असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. बाकी रोजच्या बाजाराला यूपीआय वापरा, काही हरकत नाही.

कॅमेऱ्याचं सांगतो. बसमधे कॅमेरा असणं वाईट नाही, पोरींना त्याचा आधार आहे. पण फुटेज कोण पाहते, किती दिवस राहते हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. राजकोटच्या एका प्रसूतीगृहातले बायकांचे व्हिडिओ २०२५ मधे विकायला निघाले होते, कॅमेऱ्याचा पासवर्ड बदललेलाच नव्हता. आणि टेस्लाच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ आपसात फिरवल्याचं २०२३ मधे बातमीत आलं. म्हणून बसमधे बसून फोनवर बँकेचा पासवर्ड टाकू नका, पिन टाकताना हात आडवा धरा, कॅमेरा वर आहे हे लक्षात ठेवा.

आजपासून करायच्या गोष्टी

बसचं कोणतंही अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या, आणि घेताना खाली बनवणाऱ्याचं नाव वाचा, एकाच नावाचे चार अ‍ॅप असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल, जिच्या शेवटी डॉट एपीके लिहिलेलं असते, ती म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप असते, ती उघडायचीच नाही, मग ती आरटीओ चलान असो, सवलत कार्डाची केवायसी असो का लग्नपत्रिका असो. माझ्या मामेभावानं अशी चलानची फाईल उघडली, नंबर ओळखीच्याच माणसाचा होता म्हणून, आणि संध्याकाळपर्यंत सोयाबीनचे आलेले १८ हजार गेले. त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेला होता. मामेभाऊ चार दिवस नीट जेवला नाही, मामीला तर महिनाभर सांगितलंच नाही. मी हे सगळं लिहायला बसलो त्याचं अर्धं कारण तोच आहे.

अ‍ॅप टाकलं की ते परवानग्या मागते. लोकेशन मागितलं तर "फक्त अ‍ॅप वापरताना" निवडा, आणि नव्या फोनमधे अचूक आणि अंदाजे असे दोन पर्याय येतात, बस कुठं आली ते पाहायला अंदाजे पुरते. कॉन्टॅक्ट, मेसेज, माईक मागितलं तर नाही म्हणा. तिकीट काढायला तुमचे कॉन्टॅक्ट कायले पाहिजे? नाही म्हटलं आणि अ‍ॅप चाललंच नाही तर काढून टाका, खिडकीवर तिकीट मिळते.

क्यूआर स्कॅन करताना कंडक्टरच्या मशीनवर जो दिसते तोच करा. सीटच्या मागं किंवा स्टँडच्या खांबावर चिकटवलेला स्कॅन करू नका, कोणीही रात्री येऊन स्टिकर लावून जाऊ शकते. स्कॅन केल्यावर समोर नाव येते, ते वाचा, एखाद्या माणसाचंच नाव आलं तर थांबा. आणि पैसे परत मिळायला पिन कधीच लागत नाही. रिफंड देतो पिन टाका असं म्हणणारा चोरच आहे.

आधारची झेरॉक्स कुठंही देऊ नका. आधारच्या साईटवरून मास्क्ड आधार निघते, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात, माझ्याकडं किंवा कोणत्याही सेवा केंद्रावर पाच मिनिटांत काढून मिळते. आधारच्या सरकारी अ‍ॅपमधे अंगठ्याचं लॉक पण आहे, ते लावून ठेवा, गरज पडली की तेवढ्यापुरतं उघडायचं. ७५ वर्षांवरच्यांना मोफत आणि बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे म्हणून वयस्कर लोक आधार हातातच घेऊन फिरतात, गर्दीत ते पडते, कोणी फोटोही काढते.

आता एका घरात एक फोन असेल तर. यूपीआयच्या अ‍ॅपला वेगळं लॉक लावा, फोनचं लॉक आणि ते एकच ठेवू नका. सेटिंगमधे जाऊन लॉक स्क्रीनवर मेसेज दिसणं बंद करा, नाहीतर फोन लॉक असतानाही ओटीपी वरच दिसते. आधारला आणि बँकेला कोणाचा नंबर जोडलेला आहे हे घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं तपासा. माझ्याकडं अशी माणसं येतात ज्यांच्या आधारला गाव सोडून गेलेल्या एजंटचा नंबर आहे. तो आधी बदला, आधार केंद्रावर जाऊन बदलते. आणि हे मी दुकानदार असून सांगतो, मला पण पिन सांगू नका. "तुले नाही सांगू तं कोणाले सांगू" म्हणून मायमाउल्या पिन लिहिलेली चिठ्ठीच हातात देतात, मी परत करतो, त्यांना वाईट वाटते, पण उद्या या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं असू शकते.

बसमधल्या यूएसबीला फोन लावला आणि फोननं विचारलं की फाईल देऊ का, तर "फक्त चार्जिंग" निवडा. फुकट वायफायवर बँकेचं काम करू नका. एवढं पुरे यावर.

पोरी एकट्या शिकायला यवतमाळ, अमरावतीला जातात त्यांच्यासाठी: व्हॉट्सअ‍ॅपवर लाईव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असं पाठवता येते, ते घरच्या एकाच माणसाला पाठवा, ग्रुपवर टाकू नका, आणि उतरल्यावर बंद करा. प्रवासाचं स्टेटस घरी पोचल्यावर ठेवा, निघताना नाही.

कधी बिनड्रायव्हरच्या गाडीत बसलात तर

मेट्रो असो का उद्याची बस, आत गेल्यावर आधी तीन गोष्टी पाहून ठेवा, दार हातानं उघडायची कडी कुठं आहे, कंट्रोल रूमशी बोलायचं बटण कुठं आहे, आणि डब्याचा किंवा बसचा नंबर काय आहे. मदत मागताना तोच नंबर विचारतात. गाडी विचित्र चालायला लागली, मधेच झटके देऊन थांबायला लागली, तर बटण दाबून बोला, दांडा घट्ट धरा, वायरी ओढू नका, आणि चालू रोडवर दार उघडून उतरू नका. धूर दिसला तर मात्र वाट पाहायची नाही, कडी ओढून बाहेर, गाडीपासून लांब. फोन लागत असेल तर ११२.

अशी गाडी अडचणीत आली की "सुरक्षित थांबते" असं सांगतात. डिसेंबर २०२५ मधे सॅन फ्रान्सिस्कोत मोठी लाईन गेली, सिग्नल बंद पडले आणि वेमो कंपनीच्या बिनड्रायव्हरच्या टॅक्सी चौकाचौकात उभ्या राहिल्या. तिथं लाईन जाणं ही बातमी आहे, आपल्याकडं ती रोजची गोष्ट आहे. आणि सुरक्षित थांबणं म्हणजे काय हे जागेवर ठरते ना. पांढरकवड्याकडं टिपेश्वरच्या जंगलाला लागून रात्री नऊ वाजता बस थांबली, रेंज नाही, बाहेर वाघाचा इलाका, आत दोन म्हाताऱ्या आणि एक लेकरू घेतलेली बाई, त्याला सुरक्षित म्हणायचं का? आजचा ड्रायव्हर अशा वेळी गाडी कशीबशी पुढच्या गावापर्यंत ओढत नेते, कंडक्टर बॅटरी घेऊन खाली उतरते. ते काम कोण करणार याचं उत्तर कागदावर असल्याशिवाय आपल्या रोडवर अशी बस नको, असं माझं स्पष्ट मत आहे. स्कॉटलंडमधे २०२३ ते २०२५ आपोआप चालणारी मोठी बस लोकांना घेऊन धावली, पण त्यातही एक सेफ्टी ड्रायव्हर सीटवर आणि एक माणूस प्रवाशांजवळ असायचा.

अपघात झालाच तर पुरावा कोणाच्या हातात हेही आधी ठरलं पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मधे सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ कंपनीच्या बिनड्रायव्हरच्या टॅक्सीखाली आलेली बाई काही अंतर फरफटत गेली, आणि कंपनीनं सरकारी अधिकाऱ्यांना पूर्ण हकिकत नीट सांगितली नाही म्हणून परवाना गेला, दंड झाला. व्हिडिओ कंपनीकडंच होता. म्हणून तुम्ही आत असाल तर स्वतःचे फोटो काढा, वेळ लिहा, सोबतच्या दोघांचे नंबर घ्या.

पैसे गेले तर

पहिल्या तासातच १९३० ला, म्हणजे ऑनलाईन फसवणुकीच्या सरकारी नंबरवर, फोन लावा, उद्या पाहू म्हणू नका, पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असते आणि लवकर सांगितलं तरच मधे अडवता येते. नाही लागला तर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका, मिळालेला नंबर लिहून ठेवा. बँकेला सांगून खातं गोठवा. एपीके उघडली असेल तर आधी त्या फोनचं नेट बंद करा आणि १९३० ला दुसऱ्याच फोनवरून बोला, मग चोरानं तुमचे फोन त्याच्याकडं वळवले असतील म्हणून तुमच्या फोनवर ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होते. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा. फोनच हरवला तर संचार साथी या सरकारी साईटवर ब्लॉक होते. आणि घरी सांगा. ओरडतील म्हणून लपवण्यात तास जातात.

ग्रामसभेत आणि डेपोत काय विचारायचं

नवी बस येते तेव्हा आपण हार घालतो, नारळ फोडतो, ते कराच, पण चार प्रश्न पण विचारा. बसचं लोकेशन आणि कॅमेऱ्याचं फुटेज कोणाच्या कॉम्प्युटरवर जाते, महामंडळाच्या का ठेकेदाराच्या, आणि किती दिवसांनी पुसते? बस दूरवरून कोण बंद करू शकते? अपडेट टाकण्याआधी इकडं कोणी तपासते का? नेटवर्क गेलं तर तिकीट आणि पॅनिक बटण चालते का? डेपोत तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे, २००५ चा कायदा. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते. दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होऊन रायले, त्यात आपली माहिती काय ठेवली ते विचारायचा, चूक दुरुस्त करायचा आणि पुसायला लावायचा हक्क दिलेला आहे, आणि १८ वर्षांखालच्या लेकरांची माहिती घ्यायला मायबापाची परवानगी लागते. शाळेच्या पासचा फॉर्म भरताना हे लक्षात ठेवा, त्यात जे रकाने गरजेचे नाहीत ते रिकामे सोडा.

माहितीच्या अर्जाचा नमुना मी टाईप करून ठेवला आहे, गावाचं आणि मार्गाचं नाव टाकलं की झालं, दुकानावर या, प्रिंटचे पैसे घेत नाही. ग्रामसभेच्या ठरावात मात्र एक ओळ माझ्या आग्रहाखातर टाका, की या मार्गावर फोन नसलेल्या माणसालाही रोख पैशात तिकीट मिळालंच पाहिजे. आमची मोठी आई ७१ वर्षांची आहे, अजून दर सोमवारी दारव्ह्याच्या बाजारात जाते, लुगड्याच्या ओच्यात वीस रुपये बांधून.